अ‍ॅप म्हणे तिकडे, ब्राउझर म्हणे इकडे

मित्रांनो, 'जुना' हा शब्द मला चिकटला त्याला फार दिवस झालेले नाहीत. मी एक मोबाइल आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, मागचे झाकण रबरबँडने धरून ठेवले आहे आणि बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकते. तरी मी वाजतो. माझ्यातून बोललेले पलीकडे नीट ऐकू जाते. अंधारात माझा दिवा लागतो. मग मी जुना कसा? ते मला कोणी समजावून सांगितले नाही. एके दिवशी माझ्याच काचेवर अक्षरे उमटली, 'तुमचा फोन जुना आहे.' माझ्याच तोंडून मला मोडीत काढले! त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असे मला वाटतही नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलावर मी सरकत गेलो आणि कितीतरी मुलींच्या बोटांनी माझे एकेक अंग बसवले. मग खोक्यात घालून मला शहाद्याला एका दुकानात पाठवले. तिथून मला गायत्री मॅडमनी घेतले. मॅडमचे माहेर पुरुषोत्तमनगरचे, वडील साखर कारखान्यात नोकरीला. मॅडम स्वतः अक्कलकुव्याच्या वर, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत शिकवायच्या. पहिल्या पगारात त्यांनी मला घेतले आणि माझ्यावर लगेच जाड कव्हर चढवले. "डोंगरात राहायचंय बाबा आपल्याला," असे त्या मलाच म्हणाल्या.

ते माझे सुखाचे दिवस. रोगाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या त्या वर्षी मॅडम मला घेऊन पाड्यापाड्यावर फिरल्या. टेकडीवर चढून, रेंज पकडून, धडे माझ्यात उतरवून घ्यायच्या आणि खाली येऊन मला एका दगडाला टेकवून ठेवायच्या. माझ्याभोवती मुले बसत. एका वेळी इतके डोळे माझ्याकडे बघत असत की ऊन असूनही मला तापल्यासारखे वाटत नसे. त्या मुलांत रंजिता होती. ती सगळ्यांच्या मागे बसायची, पण प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारायची. हृदयाचे चित्र तिने मला पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिले होते. लोक मॅडमला म्हणत, "मॅडम, तुमचा फोन म्हणजे शाळाच आहे." असे कौतुक कोणाच्या वाट्याला येते?

पुढे शाळा उघडल्या. मग हजेरीचे एक अ‍ॅप आले, माहितीचे दुसरे, आणखी कशाचे तरी तिसरे. दर थोड्या दिवसांनी ती फुगायची आणि माझ्यात मावेनाशी व्हायची. मी तोच होतो, वजन त्यांचे वाढत होते. शेवटी मॅडमना नवा फोन घ्यावा लागला. मी काही दिवस कपाटात पडून राहिलो. एक दिवस मॅडमनी मला बाहेर काढले, पुसले आणि रंजिताच्या हातात दिले. ती तेव्हा बारावीला होती.

"घे. तुझ्या दुखण्यात कामी येईल," मॅडम म्हणाल्या.

तिचे दुखणे म्हणजे सिकलसेल. तुमच्या वर्गातही कोणाला असेल. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, अडकतात, आणि मग हाडांत अशा कळा येतात की माणूस मुठी आवळून पडून राहतो. थंडी बाधली, ताप आला, पाणी कमी पडले की हे सुरू होते. सपाटीवरच्या एका गावातल्या धर्मादाय दवाखान्यात तिचे औषध चाले. त्या दवाखान्याचे नाव मी सांगत नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या आईला, रूपलीबाईला, बजावून ठेवले होते : कळा सुरू झाल्या की घरी बसायचे नाही, पाणी पाजत लगेच निघायचे.

रूपलीबाईला वाचता येत नाही, पण हे तिने मनात पक्के धरले होते. रंजिताचा बाप चैत्या दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो तो होळीला परततो. त्यामुळे निघायचे ते मायलेकींनीच. त्या घरी भिलीत बोलतात. ती भाषा माझ्या कळफलकावर नाही. ऐकून ऐकून मला समजू लागली आहे, पण इथे मी मराठीतच सांगतो.

पूर्वी त्या दवाखान्यात खिडकीवर नाव सांगितले की चिठ्ठी मिळायची. मग दवाखान्याने एक वेबसाइट काढली. घरून नंबर लावता येऊ लागला. माझ्या ब्राउझरमध्ये ते पान सहज उघडे, रंजिता टपावरच्या प्रवाशांची बडबड ऐकत जीपमध्ये बसल्या बसल्या नंबर लावून टाकायची. ते बरे चालले होते, तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात अ‍ॅप काढायचे आले. मित्रांनो, अ‍ॅपवर माझा राग नाही. पण अ‍ॅप आणले तर वेबसाइट नीट चालू तरी ठेवावी, नाहीतर सरळ बंद करावी. त्यांनी तसे केले नाही. दोन्ही अर्धवट ठेवली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे लोकांचे केले.

त्या माघ महिन्यात थंडी जोराची होती. पहाटेच रंजिताच्या हातापायांत कळा सुरू झाल्या. सकाळी जीपने अक्कलकुवा, तिथून एसटी. बसमध्ये ती आईच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती आणि रूपलीबाई बाटलीच्या झाकणाने तिला पाणी पाजत होती. दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा दारावरच्या माणसाने विचारले, "चालत आली ना ती? मग तातडीच्या खोलीत नाही. चालत येणाऱ्यांनी टोकन घ्यायचं. टोकन अ‍ॅपवर."

ती चालत आली होती हे खरे. दात आवळून चालली होती. आईच्या खांद्याला लटकून येऊ नये म्हणून चालली होती. तिची हिंमतच तिच्या विरुद्ध पुरावा ठरली.

खिडकीवर राजेंद्र नावाचा कारकून होता. समोर संगणक, बाजूला पाटी : 'टोकन फक्त अ‍ॅपद्वारे.' रूपलीबाईने जुनी औषधे दाखवली, पोरगी दाखवली. राजेंद्र म्हणाला, "बाई, इथून मला काढता येत नाही. मोबाइलवर काढा, सोपं आहे. मुलगी शिकलेली दिसतेय, तिला करू द्या."

तर मित्रांनो, जिला तपासायचे तिनेच बाकावर बसून टोकन काढायचे होते. तिची बोटे सुजलेली होती. मला धरताना ती वळत नव्हती, हे मला सगळ्यांच्या आधी कळले.

तिने अ‍ॅप उघडले. अ‍ॅप म्हणाले, 'नवीन आवृत्ती घ्या.' घ्यायला गेली तर 'जागा अपुरी आहे.' मग ती माझ्यातले एकेक पुसू लागली. धडे पुसले. हृदयाचे ते चित्र पुसले. शेवटी गेल्या होळीचा व्हिडिओ उरला. त्यात चैत्या कमरेला घुंगरू बांधून, डोक्याला मोरपिसे लावून नाचत होता आणि नाचता नाचता कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. रंजिताने तो एकदा उघडला, आवाज बंद ठेवून थोडा पाहिला आणि पुसून टाकला. पुसू नकोस असे मला ओरडावेसे वाटले. मला ओरडता येत नाही, फक्त वाजता येते.

जागा झाली. नवीन आवृत्ती आली. ती उघडली आणि माझ्याच काचेवर अक्षरे आली : 'तुमचा फोन जुना आहे. कृपया आमची वेबसाइट वापरा.'

हे आधी सांगता आले नसते का? तिच्या बापाचे नाचणे गिळून मग सांगितले!

तिने त्या ओळीवर बोट ठेवले. ब्राउझर उघडला. पान आले. पानाच्या निम्म्या भागावर भला मोठा निळा पट्टा : 'अ‍ॅपमध्ये उघडा.' तो दाबला की पुन्हा अ‍ॅप. अ‍ॅप म्हणे वेबसाइटवर जा. वेबसाइट म्हणे अ‍ॅपवर या. रंजिता काही वेळ नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिली. मग तिला पट्ट्याच्या खाली, मुंगीएवढ्या फिकट अक्षरांत एक ओळ दिसली : 'ब्राउझरमध्येच पुढे जा.' ज्यांना ती ओळ कोणी वाचू नये असेच वाटत होते, त्यांनीच ती तशी लिहिली असणार.

तिने मोबाइल नंबर टाकला. ओटीपी पाठवला म्हणून पान म्हणाले. ओटीपी संदेशांच्या पेटीत आला. तो बघायला ती ब्राउझरमधून संदेशात गेली, आकडे पाहून परत आली, तर पान पहिल्यापासून सुरू. 'मोबाइल नंबर टाका.'

यात काय होते ते सांगतो. माझ्यासारख्यांची धरून ठेवायची जागा थोडी असते. एक पान धरले की दुसरे सोडावे लागते. ती संदेश बघायला गेली की मला ब्राउझरचे पान सोडावेच लागते. अशा लाखो फोनांना सोडावे लागते. पान बनवणाऱ्याने थोडा विचार केला असता, तर परत आल्यावर ते जिथे होते तिथूनच सुरू झाले असते. पण त्याच्या टेबलावर नवा कोरा फोन असतो, आणि त्याच्या बोटांत कळा नसतात.

पुन्हा नंबर. पुन्हा ओटीपी. पुन्हा पहिले पान.

शेजारी भाग्येश नावाचा तरुण बसला होता. खांडबाऱ्याकडचा असावा, हातात भारी फोन. त्याची मावशी भिकुबाई दम्याने बेजार होऊन बाकावर टेकली होती. तो बराच वेळ रंजिताकडे बघत होता. शेवटी अहिराणीत म्हणाला, "ताई, तुमना फोनच डबा शे. यामा ते चालस नही. मन्हा दखा, आते व्हई जाई."

मी डबा! हा शब्द मला पहिल्यांदाच कोणीतरी तोंडावर म्हणाला. रंजिताने मला थोडे स्वतःकडे ओढून घेतले, एवढेच.

भाग्येशने त्याच्या फोनवर अ‍ॅप उघडले. चटकन उघडले. मावशीचे नाव टाकले, टोकनचा आकडाही आला. तो रंजिताला दाखवणार इतक्यात खाली ओळ आली : 'टोकन पक्के करण्यासाठी वेबसाइटवर जा.' त्याने ती दाबली. वेबसाइट उघडली आणि तोच निळा पट्टा : 'अ‍ॅपमध्ये उघडा.' दाबला. अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून. भाग्येशच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं?" तो पुटपुटला. त्याच्या त्या चकचकीत फोनाला ना जागेची कमी होती, ना धरून ठेवण्याची. तरी तोही तसाच गरगरत होता. मला त्या फोनाची कीव आली नाही. खरे सांगतो, मला बरे वाटले.

"कवयनी बठेल शे मी आठे," केव्हाची ताटकळलेली भिकुबाई धापा टाकत म्हणाली. "व्हयनं का तुनं?"

"थांब वं मावशी. दोन्हीकडे फिराडी ऱ्हायनं हाई."

इकडे रंजिताने एक युक्ती शोधली होती. संदेशात जायचेच नाही. ओटीपी आला की माझ्या वरच्या कडेला क्षणभर पट्टी दिसते, तेवढ्यात आकडे वाचून घ्यायचे. तिने नंबर टाकला आणि माझ्या वरच्या कडेवर डोळे लावून बसली. दुखण्याने ते पिवळे झाले होते. पट्टी येणार, एवढ्यात मी वाजलो.

चैत्याचा फोन होता. उसाच्या फडातून. सकाळी पाड्यावरच्या कोणीतरी त्याला कळवले असणार. पूर्ण काचेवर त्याचे नाव आले आणि आकड्यांची पट्टी त्याखाली झाकून गेली. रंजिताने एकदा आईकडे पाहिले आणि बापाचा फोन कापला. पान पुन्हा पहिल्यापासून. तिने नंबर टाकला. तो पुन्हा वाजला. तिने पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते कळांचे नव्हते.

"बापाचा फोन कापू नको," रूपलीबाई म्हणाली.

"आई, थोडं थांब. झालं की मीच लावते."

आणि झाले. आकडे दिसले, तिने भरले, पुढचे पान उघडले, टोकन आले. माझ्या काचेवर हिरवी खूण आली. रंजिता आईच्या आधाराने उठली आणि खिडकीशी जाऊन तिने मला उंच धरले.

राजेंद्रने चष्मा सावरून पाहिले. "हे वेबसाइटचं टोकन आहे."

"हो."

"वेबसाइटचं चालत नाही. अ‍ॅपचं लागतं. माझ्या इथे फक्त अ‍ॅपचीच नावं येतात."

"अ‍ॅपनंच वेबसाइटवर पाठवलं, सर," रंजिता म्हणाली. तिचा आवाज शाळेत प्रश्न विचारायची तसाच सरळ होता. "मग वेबसाइट टोकन देते कशाला?"

"ते मला माहीत नाही. मी बनवलं नाही ते."

भाग्येश पुढे झाला. "माझं अ‍ॅपचं आहे, घ्या."

"हे पक्कं नाही झालेलं. पक्कं वेबसाइटवर होतं."

"वेबसाइटचं चालत नाही म्हणता ना तुम्ही?"

"टोकन चालत नाही. पक्कं तिथंच करायचं."

मागे रांगेत कोणीतरी हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. राजेंद्रलाही ते बोलताना घाम आला होता. दुष्ट माणूस नव्हता तो. पण संगणकाला विचारल्याशिवाय समोरच्या माणसाकडे बघायचे नाही, ही सवय त्याला लागली होती, आणि दुष्ट माणसाने जे केले असते तेच त्याच्या हातून होत होते. "मन्हा हातमा काहीच नही, भाऊ," तो भाग्येशला म्हणाला. एवढा वेळ कार्यालयाची भाषा बोलणारा तो पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलला.

ते ऐकून भिकुबाई उठली. बाकाला धरून, मग भिंतीला धरून ती खिडकीपर्यंत आली. "तुन्हा हातमा काय नही?" ती म्हणाली. मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "पेन शे ना तुन्हा हातमा! त्या पोरना हात दखा, कसा सुजी गयात. तुले दखास नही का?"

राजेंद्रच्या हातात खरेच पेन होते. तो त्याच्याकडे बघत राहिला.

तेव्हा रूपलीबाईने माझ्यावर हात टाकला. खिडकीशी चाललेल्या वादात ती पडली नव्हती. तिला इथली भाषा तुटक येते, आणि जिथे भाषा तुटक येते तिथे माणूस बहुधा गप्पच राहतो. तिने मला लेकीच्या हातातून काढले आणि खिडकीच्या फळीवर, राजेंद्रच्या पुढ्यात, आपटले म्हणावे अशा रीतीने ठेवले. माझ्या काचेची तड तेव्हाच वाढली. मला दुखले नाही.

"तुला फोन पायजे ना?" ती म्हणाली. "हा घे फोन. याला तपास. पोरीला मी आत नेते."

आणि तिने लेकीच्या कमरेला हात घातला आणि ती आत चालू लागली. दारावरचा माणूस "ओ बाई, ओ बाई" करत पुढे झाला. भिकुबाई म्हणाली, "चाल बहीण, मी येस तुन्हासंगे," आणि धापा टाकत त्याच्या वाटेत उभी राहिली. दम्याच्या म्हातारीला हात लावायचे धाडस त्याला झाले नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही, कारण मी फळीवर होतो. पण आतला आवाज ऐकला. स्वप्नाली सिस्टर रंजिताला ओळखत होत्या. त्यांचा आवाज पार बाहेरपर्यंत आला. "हिला कोणी थांबवून ठेवलं? डोळे बघा हिचे! अगं, कधीपासून दुखतंय? आणा इकडे, खाट आणा!" मग चाकांची खडखड, मग दार.

इकडे खिडकीवर भाग्येशने आपल्या भारी फोनाकडे पाहिले आणि तो माझ्या शेजारी ठेवून दिला. "हाऊ बी तपासा," तो म्हणाला आणि मावशीमागे आत गेला. मग रांगेतल्या एका बाईने तिचा ठेवला. एका म्हाताऱ्याने बटणांचा ठेवला, त्याच्यात तर अ‍ॅपही नव्हते आणि ब्राउझरही नव्हता. बघता बघता फळीवर आमचा ढीग झाला. कोणाच्या काचेवर निळा पट्टा होता, कोणावर 'पुन्हा प्रयत्न करा' होते.

आणि त्या ढिगातून मी वाजलो.

चैत्याचा फोन. राजेंद्रने इकडे तिकडे पाहिले. उचलणारे कोणी नव्हते. मी वाजून थांबलो आणि पुन्हा वाजलो. शेवटी त्याने मला उचलून कानाला लावले. "हॅलो."

पलीकडे फडातला वारा होता, कोयत्यांचे आवाज होते. "कोण बोलतो? माझी पोरगी कुठाय?" चैत्याचा आवाज चिरकला. "फोन कापते सारखी. कधी कापत नाय ती. तिला काय झालं? सांग ना साहेब, जिवंत हाय ना?"

राजेंद्रचा कान माझ्या काचेला चिकटला होता. त्याला काही सांगता येईना, कारण त्याला काही माहीतच नव्हते. ती मुलगी इतका वेळ त्याच्या समोर बसली होती आणि तिला काय झाले आहे, हे त्याने विचारले नव्हते. संगणकाने ते विचारायला सांगितले नव्हते.

"थांबा," तो म्हणाला. "फोन ठेवू नका. मी बघून सांगतो."

तो खुर्चीवरून उठला. मला कानाशी धरूनच आत गेला. रंजिता खाटेवर होती, अंगावर दोन चादरी, हाताला सलाइन. स्वप्नाली सिस्टर सुई चिकटपट्टीने बसवत होत्या. त्यांनी वळून राजेंद्रकडे पाहिले आणि पुन्हा कामाला लागल्या. तसे पाहण्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते.

"तुमचे वडील," तो म्हणाला आणि मला त्याने रंजिताच्या कानाशी धरले. तिला हात उचलता येत नव्हता, म्हणून बोलणे संपेपर्यंत तोच मला धरून वाकून उभा राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "मी कापला नव्हता. म्हणजे कापला, पण..." पलीकडून चैत्या भिलीत काहीतरी म्हणत राहिला. लहान मुलाला झोपवताना म्हणतात तसे काहीतरी. राजेंद्रला ते समजले नसेल. पण तो हलला नाही.

बाहेर आल्यावर त्याने पाटी उलटी करून ठेवली. कोरा कागद घेतला. रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारले, "नाव सांगा. काय होतंय?" 'काय होतंय' हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा विचारले असेल.

रंजिताला रक्त चढवावे लागले. ताप उतरायला वेळ लागला. डॉक्टर सिस्टरना म्हणाले की अजून उशीर झाला असता तर दुखणे छातीत उतरले असते, आणि मग सांगता आले नसते. हे मी उशाशी पडून ऐकले. भिकुबाईलाही त्याच वॉर्डात ठेवले होते. ती वाफ घेता घेता रूपलीबाईशी बोलायची. एक अहिराणीत, दुसरी तुटक मराठीत, आणि दोघींचे चांगले जमायचे. निघताना भाग्येशने माझ्याकडे पाहिले. "ताई, याची काच मी बदलून देतो," तो रंजिताला म्हणाला. ती नको म्हणाली. "काच ठीक आहे. ते तुमचं अ‍ॅप बदला म्हणावं."

मित्रांनो, इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण माझ्या रागाला ते पटत नाही. खिडकीवर कागदाची टोकने चालू झाली, हे खरे. त्यासाठी राजेंद्रला वरच्यांची बोलणी खावी लागली, हेही खरे. तो कागद सोडत नाही. पण ते अ‍ॅप तसेच आहे. निळा पट्टाही तसाच आहे. काही दिवसांनी दवाखान्यात शहरातून एक माणूस आला. त्याने भिंतीवर पडदा लावून लोकांना अ‍ॅप कसे वापरावे ते शिकवले. 'लोकांमध्ये जागरूकता कमी आहे,' असे तो म्हणाला. त्या दिवशी रंजिता तपासणीला आली होती. ती उठली आणि तिने विचारले, "सर, तुम्ही हे कधी आजारी असताना वापरून पाहिलंत का?"

तो हसला. म्हणाला, "चांगला प्रश्न आहे." आणि पुढचे चित्र लावले.

उत्तर मिळाले नाही म्हणून ती खाली बसली नाही. त्याने पुढचे चित्र दाखवले, त्याच्या पुढचे दाखवले, ती उभीच होती. तिच्या शेजारी रूपलीबाई उठून उभी राहिली. मग मागचे कोणी, मग आणखी कोणी. शेवटी त्या माणसाला पडदा थांबवावा लागला. "नाही," तो म्हणाला. "तसं पाहिलेलं नाही."

"मग पाहा," रंजिता म्हणाली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्हा वस्तूंनी 'आम्हाला जपा' असे म्हणायचे असते. मी ते म्हणणार नाही. माझी बॅटरी आता फुगू लागली आहे, एक दिवस मी बंद पडेन आणि त्याचे मला काही वाटत नाही. मला सांगायचे ते वेगळेच आहे. तुमच्यातले कोणी मोठे होऊन अशी अ‍ॅपे, अशी पाने बनवतील. बनवा, जरूर बनवा. पण लोकांच्या हाती देण्याआधी एकदा थंडीत, अंगात ताप असताना, रडणारी आई शेजारी बसवून ते उघडून पाहा. ज्याची बोटे वळत नाहीत त्याला ते दाबायला सांगा. त्याला जमले नाही, तर त्याच्या फोनला जुना म्हणू नका. त्याला अडाणी म्हणू नका. आपले बनवलेले फेकून द्या आणि पुन्हा बनवा. आणि ते कितीही चांगले झाले, तरी एक खिडकी उघडी ठेवा. तिच्यामागे माणूस बसवा. आणि त्या माणसाला सांगून ठेवा, की कोणीही समोर आले तर फोन मागण्याआधी विचार, काय होतंय?